चिपळूणमध्ये लायसनवाल्या ठेकेदाराकडून घराचं वायरिंग करून घेतलं, सविस्तर रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते खाली येईलच. काम होतं पेठमापला आत्याच्या जुन्या घराचं सगळं वायरिंग नव्याने करायचं, मेन बोर्ड बदलायचा, अर्थिंग नवीन घालायचं आणि महावितरणकडे लोड वाढवून घ्यायचा. आपल्याकडच्या नेहमीच्या वायरमनपेक्षा ह्यांचा दर साधारण दीडपट पडला आणि त्यावरून घरात भरपूर चर्चा झाली, पण काम चालू असताना मी तिथेच राहून सगळं बघितलंय आणि ह्यांनी जे केलं त्याला तेवढे पैसे द्यायलाच हवेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी घराबद्दल सांगते म्हणजे कळेल. जांभ्या दगडाचं घर आहे, खाली ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि वर दोन खोल्या. २००५ चा पूर बघितलेलं घर आहे आणि २२ जुलै २०२१ ला तर खालचा मजला पार पाण्यात होता. वाशिष्ठीचं पाणी उतरल्यावर गावभर चिखल, अंधार, मोबाईल चार्ज करायला जागा नाही अशी अवस्था होती, तेव्हा ज्याला जो वायरमन मिळाला त्याने बोर्ड खोलून धुतले, पुसले, उन्हात वाळवले आणि परत बसवून लाईट चालू केली. त्या दिवसांत दुसरं काही करणं शक्यच नव्हतं, आणि जे वायरमन रात्रंदिवस घरोघरी फिरत होते त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण ते तात्पुरतं होतं आणि आत्याकडे ते तात्पुरतंच वर्षानुवर्षं चालू राहिलं. पावसाळा सुरू झाला की वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या यायच्या, स्वयंपाकघरातल्या एका भिंतीला ओल आली की झिणझिण व्हायचं, आणि आत्या रबरी चप्पल घालून मशीन लावायची, तेही इतक्या सवयीने की तिला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. मध्ये एकाला बोलावलं होतं, त्याने प्लगमध्ये काहीतरी जोडून दिलं आणि मुंग्या थांबल्या. ते काय जोडलं होतं ते पुढे सांगते, तो प्रकार ऐकून मला घाम फुटला.

माणूस शोधायला लागले तेव्हा जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं एकच, लायसन कशाला पाहिजे, मी आयटीआय केलंय, वीस वर्षं हेच करतोय. त्यातले काही जण हाताने खरंच चांगले असतील, मी नाही म्हणत नाही. पण आयटीआयचं वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं सर्टिफिकेट वेगळं आणि वायरमनचं परमिट वेगळं, हे खूप लोकांना माहितीच नाही. आयटीआय केलं की परमिटसाठी अर्ज करता येतो, परमिट आपोआप हातात पडत नाही. आणि दुकानाच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला गुमास्ता किंवा जीएसटीचा कागद म्हणजे वायरिंगचं लायसन नव्हे. एकाने तर मला नगरपरिषदेची पावती दाखवली. नगरपरिषदेचा यात संबंध घराच्या बांधकाम परवानगीपुरता, वीजकामाचं लायसन राज्य सरकारच्या ऊर्जा विभागाखालचं अनुज्ञापक मंडळ देतं आणि ते मुंबईत आहे.

नियम काय सांगतो ते मी नीट वाचून काढलं, सगळ्यांना उपयोगी आहे म्हणून लिहिते. जुन्या १९५६ च्या नियमांत ४५ नंबरचा नियम होता, नंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची २०१० ची सुरक्षा नियमावली आली, आता २०२३ ची आहे, पण मूळ गोष्ट तीच चालत आलीय. घरातला बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, एखादं उपकरण जसंच्या तसं बदलायचं असेल तर त्याला काही लागत नाही. पण नवीन पॉइंट काढायचा, एसीची वेगळी लाईन ओढायची, वायरिंग बदलायचं, थोडक्यात जिथे लोड किंवा रचना बदलते तिथे काम राज्य सरकारचं लायसन असलेल्या ठेकेदारानेच करायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली करायचं आणि हात लावणाऱ्या माणसाकडे परमिट हवं. म्हणजे तीन वेगवेगळे कागद झाले, ठेकेदाराचं लायसन, सुपरवायझरचं सर्टिफिकेट आणि वायरमनचं परमिट. छोट्या गावात बऱ्याचदा ठेकेदार आणि सुपरवायझर एकच माणूस असतो, त्याला हरकत नाही, पण कागद बघायचे आणि त्यावरची मुदतीची तारीखही बघायची कारण लायसन नूतनीकरण करून घ्यावं लागतं.

आता ह्यांच्याबद्दल. फोनवर मी पहिलंच विचारलं की लायसन बघायला मिळेल का, मला वाटलं होतं समोरचा माणूस चिडेल. ते म्हणाले, "बघा ना ताई, विचारायलाच पाहिजे, दुकानात या नाहीतर मी येताना घेऊन येतो." आले तेव्हा फाईल बरोबर होती, लायसन मुदतीत होतं आणि कामाला येणाऱ्या दोन पोरांच्या परमिटच्या कॉप्याही होत्या. दोघांपैकी एक परमिट असलं तरी अजून नवखा आहे, तो एकटा बोर्डला हात लावणार नाही हे त्यांनी आपणहून सांगितलं आणि ते पाळलंही.

पहिल्या भेटीत दर वगैरे काही बोललेच नाहीत. मेन बंद केला, सगळे प्लग काढायला लावले, बल्ब काढले आणि मेगर लावला. मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मशीन, घराच्या वायरिंगला ५०० व्होल्ट डीसी लावून फेज (करंट घेऊन येणारी वायर) आणि अर्थिंगच्या मध्ये किती रेझिस्टन्स येतो ते बघतात, एक मिनिटभर धरून किमान एक मेगाओहम यायला पाहिजे असं नियमात आहे. वरच्या मजल्याचं रीडिंग छान आलं. खालच्या मजल्याचं एक मेगाओहमच्या बरंच खाली, स्वयंपाकघराच्या लाईनचं तर सगळ्यात वाईट. मग त्यांनी तिथला एक बोर्ड खोलून आत्याला दाखवला. पाइपच्या तोंडाशी अजून पुराचा वाळलेला गाळ, टर्मिनलचे स्क्रू गंजून हिरवे पडलेले, आणि पाऊस पडला की तो गाळ परत ओला होणार, मग करंट त्यातून वाट काढणारच. म्हणाले, "काकू, नुसती वायर कदाचित चालली असती, पण पाण्याखाली गेलेले स्विच, एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच), सॉकेट वाळवून परत वापरायचे नसतात, आत काय शिल्लक राहिलंय ते बाहेरून दिसत नाही."

आणि मग तो वॉशिंग मशीनचा प्लग. अर्थिंगची वायर खराब झालेली होती, म्हणून आधीच्या माणसाने सॉकेटच्या आत न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थिंगच्या पिना एका वायरच्या तुकड्याने जोडून टाकलेल्या. त्याने मुंग्या थांबतात कारण मशीनचा पत्रा न्यूट्रलला लागतो. पण समजा कधी न्यूट्रल कुठे सुटला, बोर्डात सैल झाला, बाहेर खांबावर तुटला, तर त्याच तुकड्यातून मशीनच्या अख्ख्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात, आणि फ्यूज उडत नाही, काही कळत नाही, हात लावेपर्यंत. ह्यांनी मला हे कागदावर चित्र काढून समजावलं. आपल्याकडे किती घरांत असे तुकडे असतील कोण जाणे. तुमच्याकडे मुंग्या येत होत्या आणि कुणी पाच मिनिटांत काहीतरी जोडून थांबवल्या असतील तर तो सॉकेट खोलून घ्या, आजच.

दर त्यांनी दुसऱ्या दिवशी लेखी दिला, पॉइंटप्रमाणे मजुरी वेगळी, सामान वेगळं आणि वायरची कंपनी आणि साईज लिहून. लाईट-पंख्याला दीड स्क्वेअर (म्हणजे स्क्वेअर मिलिमीटर, वायरची जाडी), पॉवर सॉकेटला अडीच, गिझर आणि एसीला चार. इथे एक भांडण झालं घरात, काका म्हणत होते सगळीकडे दीड चालतं, पूर्वी नाही का चालायचं. पूर्वी घरात गिझर नव्हता, एसी नव्हता, मायक्रोवेव्ह नव्हता. २००० वॅटचा गिझर एकटा साडेआठ-नऊ अँपिअर घेतो, त्याच्याच लाईनवर इस्त्री लावली की आणखी चार, आणि वायर भिंतीच्या आत गरम होत राहते, ती कुणाला दिसत नाही. ठेकेदारांनी काकांना हे तिथे बसून प्रत्येक वस्तूमागचा आकडा वाचून बेरीज करून दाखवलं. मग काका गप्प नाही झाले, पण तयार झाले.

कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पुराचा विचार करून केलेली मांडणी. खालचा मजला आणि वरचा मजला यांच्या लाईन पूर्ण वेगळ्या, दोघांना आपापली आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की आपोआप लाईन तोडणारा स्विच. पाणी चढायला लागलं की खालचा मजला बंद करायचा आणि वरच्या खोल्यांत तोपर्यंत लाईट राहते (बाहेरून सप्लाय असेल तर अर्थात). डीबी (सगळे एमसीबी ज्यात असतात तो मेन बोर्ड) खाली ओटीवर होती ती उचलून जिन्यावर वरच्या बाजूला नेली. खालच्या मजल्याचे सॉकेट २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या वर नेणं शक्य नव्हतं, खूणच इतकी उंच आहे, पण जमिनीलगतचे सगळे प्लग बंद करून ओट्याच्या उंचीला आणले आणि पाइप वरून खाली उतरवले, म्हणजे पाइपमध्ये पाणी साठून राहत नाही. आत्याचं गुडघ्याचं दुखणं आहे, वाकून प्लग लावावा लागत नाही म्हणून ती यावरच सगळ्यात खूष आहे.

झिऱ्या मारताना (म्हणजे पाइपसाठी भिंतीत खाचा पाडताना) जांभ्याची लाल धूळ घरभर झाली, त्याला इलाज नाही. काही ठिकाणी चिरा इतका भुसभुशीत होता की झिरी मारली तर तुकडाच निघाला असता, तिथे त्यांनी हट्ट न करता केसिंग-कॅपिंग केलं, म्हणजे भिंतीवरून पट्टी लावून त्यातून वायर नेली. दिसायला भिंतीच्या आतलं कन्सील वायरिंग छान दिसतं पण भिंतीचंही ऐकावं लागतं. प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून मला पाठवले, टेप लावून, म्हणजे उद्या खिळा ठोकायचा झाला तर पाइप कुठून गेलाय ते कळतं. हे मी मागितलं नव्हतं.

अर्थिंगला वेळ लागला. जांभा वरून उन्हाळ्यात कोरडाठक्क होतो आणि पहिल्या खड्ड्यात पाइप, कोळसा, मीठ सगळं घालूनही रीडिंग मनासारखं येईना. अर्थ टेस्टरचे दोन खिळे लांब परसात ठोकून त्यांनी माझ्यासमोर मोजलं, म्हणाले ५ ओहमच्या आत आल्याशिवाय मी सही करत नाही. विहिरीच्या बाजूला, जिथे जमीन बारा महिने ओली राहते, तिथे दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडले तेव्हा आलं. दुसऱ्या खड्ड्याचे पैसे लावले, पण आधी विचारून लावले. कितीतरी ठिकाणी अर्थिंग म्हणजे भिंतीतून एक हिरवी वायर बाहेर आलेली असते आणि ती मातीत नुसती पुरलेली असते, मोजत कुणीच नाही.

पंपाचाही किस्सा सांगायला हवा कारण तो बऱ्याच जणांच्या बाबतीत घडेल. सगळं झाल्यावर विहिरीवरचा पंप चालू केला की खालची आरसीसीबी ट्रिप. परत चालू, परत ट्रिप. शेजारचे एक जण आले आणि म्हणाले ते यंत्रच काढून टाका, आमच्याकडे पण असंच होत होतं, काढल्यापासून त्रास नाही. ठेकेदार म्हणाले, "दादा, ती ट्रिप होतेय म्हणजे तिचं काम करतेय." आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सारखा आहे का ते बघत असते, ३० मिलिअँपिअरचा फरक पडायच्या आत तोडते, म्हणजे तेवढा करंट दुसऱ्याच कुठल्या वाटेने जमिनीत जातोय. पंपाच्या वाइंडिंगलाच मेगर लावला तर ते अर्थ दाखवत होतं, म्हणजे तिथूनच करंट गळत होता. म्हणजे एवढी वर्षं ओल्या पायाने, ओल्या हाताने विहिरीवर उभं राहून तो पंप चालू करत होते घरातले. पंप वाइंडिंग नव्याने भरायला टाकला, परत आला, आता ट्रिप होत नाही. ती आरसीसीबी काढून टाकणारे लोक बघितले की मला खरंच काळजी वाटते, आणि त्यात काही वायरमनही आहेत हे जास्त वाईट आहे.

आता टेस्ट रिपोर्ट. लोड वाढवायचा असो किंवा नवीन कनेक्शन, महावितरणच्या अर्जाला लायसनवाल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. आणि इथेच सगळीकडे तो प्रकार चालतो, वायरिंग एकाने करायचं आणि सही-शिक्का दुसऱ्याकडून विकत आणायचा, त्या सहीवाल्याने घर बघितलेलंही नसतं. मलाही एका ठिकाणी हे सुचवण्यात आलं, म्हणे काम आमच्या माणसाकडून करा, रिपोर्टचं आम्ही बघतो, फक्त थोडे पैसे द्या. ज्या कागदावर लिहायचं की मी हे इन्सुलेशन मोजलं, अर्थिंग मोजलं, तो कागद न मोजता भरायचा. हे मला अजिबात मान्य नाही आणि ज्यांच्या घरात म्हातारी माणसं, लहान मुलं आहेत त्यांनी तर हे ऐकूनही घेऊ नये. ह्यांनी रिपोर्टवर लिहिलेला प्रत्येक आकडा माझ्यासमोर मोजलेला आहे, आणि त्याची प्रत आम्हाला दिलीय.

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याने तिकडे बेसमेंटमध्ये चार पॉइंट वाढवले तर आधी गावच्या ऑफिसातून परमिट काढावं लागलं, भिंत बंद करायच्या आधी इन्स्पेक्टर येऊन वायरिंग बघून गेला आणि काम संपल्यावर परत आला. आपल्याकडे पंधरा मीटरपेक्षा उंच बिल्डिंग असेल तर विद्युत निरीक्षकांचा विषय येतो, नवीन कनेक्शन देताना वीज कंपनीने तपासायचं हेही नियमात आहे, पण तुमच्या-माझ्या जुन्या घरात आतलं वायरिंग बदललं तर ते बघायला बाहेरून कोणी आपणहून येत नाही. म्हणजे सही करणारा ठेकेदार हाच शेवटचा तपासणारा माणूस. अपघात झाला तर विद्युत निरीक्षकांची चौकशी होते आणि काम कुणी केलं हे तेव्हा विचारलं जातं, पण तेव्हा विचारून काय करायचं. म्हणून मी त्या दीडपट दरातला मोठा भाग ह्या मोजणीचा आणि सहीचा समजते.

लोड वाढवायचा अर्ज त्यांनीच ऑनलाईन भरून दिला, कोटेशन आलं ते आत्याच्या नावाने आम्ही भरलं, त्याच्यावर त्यांनी वर काही घेतलं नाही. मीटर मात्र अजून जुन्याच जागी, खालीच आहे. मी म्हटलं तुम्हीच उचलून वर लावा ना, तर स्पष्ट नाही म्हणाले. मीटर आणि त्याचं सील वीज कंपनीचं, त्याला हात लावायचा अधिकार ठेकेदाराला नाही, मीटर हलवायचा वेगळा अर्ज करावा लागतो. तो केलाय, काम व्हायचंय.

अर्धा स्टार कशाचा, तर वेळेचा. काम गणपतीच्या आधी पूर्ण करतो म्हणाले होते आणि कोकणात गणपतीच्या आधी प्रत्येकालाच घर दुरुस्त करून हवं असतं, शिवाय मंडळांच्या मंडपांची कामं, तात्पुरती कनेक्शनं, तेही ह्यांच्याकडेच. शेवटच्या टप्प्यात काही दिवस कोणी फिरकलंच नाही, फोन केला की उद्या, आणि स्वयंपाकघर एका होल्डरवर चाललं होतं. एवढी कामं घेऊ नयेत किंवा तारीख खरी सांगावी, आत्यासारख्या एकट्या बाईला त्याचा फार त्रास होतो. झिऱ्या भरायचं कामही ढोबळ होतं, नंतर गवंडी बोलावून परत करून घ्यावं लागलं. ह्या दोन गोष्टी मी त्यांच्या तोंडावर सांगितल्यात, त्यांनी ऐकून घेतलं.

डीबीच्या झाकणाच्या आत प्रत्येक एमसीबीसमोर मराठीत लिहून लावलंय, माजघर, स्वयंपाकघर, गिझर, पंप, वरची खोली, आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं हेही. आत्याला स्वतःला दाबायला लावून शिकवलं त्यांनी.

ह्यांना फोन करणार असाल तर पावसाळ्याच्या बऱ्यापैकी आधी करा, मार्च-एप्रिलमध्ये, तेव्हा माणसं मोकळी असतात आणि कोरड्यात झिऱ्याही नीट भरल्या जातात. अर्थिंगचा दर पहिल्याच कोटेशनमध्ये एका खड्ड्याचा आणि दोन खड्ड्यांचा असा वेगवेगळा लिहून मागा, जांभ्याची जमीन असेल तर दुसरा लागायची शक्यता आहे.